जपानी पायांची विलायती गाडी

नागपूरहून परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय, संत्री आणली का. आणली, बाबांनो, पिशवीभर आणली आणि गल्लीतल्या लोकांनी ती संपवलीसुद्धा. पण मी काही संत्र्यांसाठी गेलो नव्हतो. एका गाडीचं वाटोळं झालेलं बघायला गेलो होतो आणि संबंधितांना दोन शब्द सुनावायचा बेत होता. तो बेत कसा फसला ते सांगतो.

माझा कोल्हापुरात लेथचा छोटा कारखाना आहे आणि जुन्या गाड्यांचा नाद आहे. या नादातला माझा नियम एकच. जुन्या गाडीला जुनाच भाग. मिळत नसेल तर घरी बनवावा, पण नव्या गाडीचा तुकडा काढून तिला चिकटवू नये. अशात एक दिवस नागपूरहून प्रज्ञाताईंचा फोन आला. पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात. जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर ओळख झालेली. घरामागच्या शेडमध्ये त्या एक विलायती टपउघडी दोन सीटची गाडी नव्यानं बांधत होत्या. म्हणजे मूळ गाडी नाहीच. हुबेहूब तशी दिसणारी. बरं, बांधा. पण तिची चाकं ज्यावर तोलायची ते सगळं सस्पेन्शन, म्हणजे चाक धरणारे हात, स्प्रिंगा, चाक ज्यावर बसतं ते हब, हे त्यांनी घेतलं होतं एका जपानी स्पोर्ट्‌स कारमधून. ढिगानं बनते आणि जगभर विकते तसली कार. कुणाची तरी एक तळघरातल्या पार्किंगमध्ये पावसाच्या पाण्यात बुडून निकामी झाली होती, ती यांनी उचलली. आता त्या जपानी हबवर विलायती तारांची चाकं बसवायची, तर मधे चार पोलादी अडॅप्टर हवेत, ते तुम्ही कराल का, असं विचारणं.

मी केले. कुरकुरत केले, पण काम चोख केलं. पार्सलनं पाठवता आले असते, तरी म्हटलं आपणच घेऊन जावं. बायकोनं डबा भरून दिला आणि म्हणाली, "लोकाच्या घरी जाऊन भांडू नका, एवढं केलं तरी लई झालं."

बर्डी

रेल्वेतल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, झोपलो होतो. स्टेशनवर प्रज्ञाताईंचे यजमान अनिलभाऊ स्कूटर घेऊन आले होते. गांधीबागेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान आहे. हसरा माणूस. माझी पिशवी उचलायला गेले आणि अर्ध्यातच ठेवून म्हणाले, "काय बाप्पा, घरून वरवंटे आणले का भाऊ?"

आधी नाश्ता, मग घर, असा त्यांचा हुकूम. सीताबर्डीला तिथं नुसतं बर्डी म्हणतात. तिथल्या एका गाड्यावर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर काळ्या चण्यांचा लाल झणझणीत रस्सा ओततात. मिसळीच्या गावचा माणूस मी, पोह्यांवर कट ओतायची कल्पना मला आधी पटली नाही. दुसरी प्लेट मागितली तेव्हा पटलेली होती. तिखट आपल्यासारखं जिभेवर लगेच येत नाही, मागून येतं आणि मग मुक्काम करतं.

तिथून निघताना फजिती झाली. पिशवीचा बंद तुटला आणि चारही अडॅप्टर भर रस्त्यात पडले. तीन जागेवर राहिले, चौथा मात्र उभा राहून घरंगळत निघाला तो थेट कपड्यांच्या ठेल्याखाली. ठेलेवाल्या बाईंनी तो चपलेनं अडवला, उचलून उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, "काहून गा भाऊ, कोनाची गाडी खोलून आनली?" आजूबाजूचे लोक हसले. मी अडॅप्टरला कुठं टोला बसलाय का ते बघत होतो. काही झालं नव्हतं. बाईंनी वर एक जुना बंद दिला पिशवी बांधायला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

शेड

प्रज्ञाताईंचं घर कामठी रोडच्या आतल्या बाजूला, एका नव्या ले-आउटला लागून आहे. ले-आउट म्हणजे प्लॉट पाडून, रस्ते करून, भिंत घालून ठेवलेलं रान. घरं अजून यायचीत. शेडमधली गाडी रस्त्यावर न्यायला सरकारी मंजुरी नाही, म्हणून ती या ले-आउटमध्येच फिरवायची, मालकाची परवानगी घेतलेली.

शेडचं दार उघडलं आणि माझ्या तोंडातले दोन शब्द तोंडातच राहिले. गाडी देखणी होती, हे कबूल करतो. लांब नाक, कमरेत बसकी, हिरवा रंग, हातानं ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. चाकांशिवाय चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडांवर, चढवून ठेवलेली. चाकांच्या जागी ते जपानी हात लोंबत होते. मी वाकून बघितलं, जोड कुठंतरी बेंगरूळ दिसेल या आशेनं. दिसला नाही. मूळ जपानी गाडीत प्रत्येक बोल्टचं भोक जिथं होतं, त्याची त्यांनी जाड प्लायची चौकट बनवली होती आणि त्या चौकटीच्या मापानंच नवी चासी वेल्ड केली होती. सगळ्या भोकांतली अंतरं जशीच्या तशी. प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ, म्हणजे हा कसला गेला अशी खूण.

तरी मी म्हटलंच. "ताई, एवढा पत्रा ठोकलात, चासी केलीत, मग हे हात घरी बनवायला काय झालं होतं? मी करून दिले असते."

त्या हातातला पाना पुसत म्हणाल्या, "भाऊ, या हातांवर दुनियाभरचे लोक घाट चढले, खड्ड्यांत आपटले, वळणांवर घसरले. त्यांची परीक्षा होऊन बसली आहे. घरी बनवला तर त्याची परीक्षा कोनावर करू मी, बाबांवर?"



बाबा म्हणजे त्यांचे वडील. ऐंशी ओलांडलेले, उंच, ताठ, पांढरा सदरा. तरुणपणी नागपूरजवळच्या कामठीच्या लष्करी छावणीत एका बड्या साहेबाचे ड्रायव्हर होते आणि साहेबाकडं अशीच हिरवी विलायती गाडी होती. साहेबाची बदली झाली, गाडी विकली गेली, पण या घरातली लेकरं त्या गाडीच्या गोष्टी ऐकत वाढली. आता बाबांची नजर वरचेवर कमी होत चालली आहे. गाडी चालवणं कधीच बंद झालं. डॉक्टरांनी सांगितलंय की उरलेलं दिसणंही फार टिकणार नाही. म्हणून प्रज्ञाताईंनी ही गाडी काढली. बाबांना दिसतंय तोवर त्यांना शेजारी बसवून एक फेरी मारायची, बस, एवढ्यासाठी.

आणि बाबा बसायला तयार नव्हते.

गाडीवर राग नव्हता. उलट रोज सकाळी येऊन फडक्यानं डावी सीट पुसायचे. माझ्यासमोर मडगार्डवरून हात फिरवत म्हणाले, "साहेबाची बारीक होती. ही खात्यापित्या घरची दिसते." बरोबर होतं. जपानी गाडीची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून जास्त लांब असतात, ती झाकायला अंग चार बोटं रुंद करावं लागलं होतं. नजर अधू, पण हातानं ओळखलं. पण बसा म्हटलं की एकच उत्तर. "ते सीट साहेबाचं आहे. मी पाह्यलं, झालं माझं."

प्रज्ञाताई मला हळूच म्हणाल्या, "महिनाभरापासून सांगून राहिली मी. रागावून पाह्यलं, लाडानं पाह्यलं. काय करू भाऊ, सांगा."

कामठी

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाताई कॉलेजात आणि बाबा म्हणाले, चला कोल्हापूरवाले, तुम्हाले कामठी दाखवतो. शेअर ऑटोच्या थांब्यावर गेलो. पहिला ऑटो आला, ड्रायव्हरच्या शेजारी एक जागा आणि मागं एक. मी पुढं बसू का विचारलं तर बाबांनी तो ऑटोच सोडून दिला. दुसऱ्यातही तसंच. तिसऱ्यात मागं दोघांना जागा मिळाली तेव्हा बसले.

"ड्रायव्हरच्या बाजूले मी बसत नाही," ते म्हणाले. "त्याले काम करू द्यावं."

वाटेत यंत्रमागांची खडखड येत होती. आमच्याकडचा इचलकरंजीचा रस्ता आठवला मला. छावणीच्या बाजूला झाडं मोठी, रस्ते झाडलेले. कामठीत उतरून एका बंगल्याच्या फाटकापासून जरा लांब आम्ही उभे राहिलो. बाबांना तो बंगला नीट दिसत नव्हता, पण कुठं वळायचं, कुठं थांबायचं, हे सगळं हातानं दाखवत होते.

"इथं थांबवायची. अन् इंजन बंद होयाच्या आत मी डाव्या दारापाशी. साहेबानं दाराले कधी हात नाही लावला. माझ्या टाइमात नाही." यात त्यांना अभिमान होता. मी विचारलं, साहेब नसताना, गाडी रिकामी असताना, कधी डावीकडं बसून बघितलं नाही?

"काहून बसू? कोनी पाह्यत नव्हतं म्हनून?"

माणूस असा. भांडायच्या बेतानं आलेल्या मला एकदम आपल्या आडदांडपणाची लाज वाटली. येताना त्यांनी संत्री घेतली, मला सोलून दिली, आणि साली रस्त्यावर टाकल्या नाहीत, रुमालात बांधून घरी आणल्या.

जेवायला अनिलभाऊंनी सांबारवडी केली होती. सांबार म्हणजे तिकडं कोथिंबीर. कोथिंबिरीचं भरपूर सारण घातलेली बेसनाची गुंडाळी, तळलेली, सोबत कढी. घरात स्वयंपाक बहुतेक तेच करतात. आमच्या गल्लीत हे सांगितलं तर पुरुषमंडळी मला नागपूरला परत जाऊ देणार नाहीत.

खड्डा

चाकं बसवायचा दिवस उजाडला. माझे अडॅप्टर हबवर असे बसले की केसाची फट नाही. छाती फुगली. तारांची चाकं चढली, घोड्या काढल्या, गाडी पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

उभी राहिली म्हणजे काय, उंटासारखी उभी राहिली. मडगार्ड आणि टायर यांच्यात अख्खा पंजा जाईल एवढी फट. मी मडगार्ड दाबून बघितलं, लाकडासारखं ताठ. बाबा पुढं आले, त्या फटीत हात घातला आणि म्हणाले, "पोरी, ही पाय ताणून उभी आहे वं. साहेबाची बसून चालत होती."

प्रज्ञाताईंचा चेहरा उतरला. इतक्या मेहनतीनंतर बाबांच्या तोंडून हे ऐकायचं. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मी बसलो नाही. म्हटलं, मी पहिल्यापासून सांगत होतो, कुणाचे पाय कुणाला लावायचे याला काही धरबंध असतो. एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. हा जपानी हातच चुकीचा आहे, काढून दाखवतो, असं म्हणून मी पाना घेतला, शेडमधल्या खड्ड्यात गाडीखाली उतरलो आणि पुढच्या एका हाताचा पिवळ्या रेघेचा बोल्ट रागानं सैल केला.

गाडी कण्हली. खरंच, माणूस कण्हतो तसा आवाज आला, आणि तो कोपरा बोटभर खाली बसला.

मग प्रज्ञाताई खड्ड्यात उतरल्या, बॅटरी लावून त्या जोडाकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हे रबर आहे."

सगळं तिथंच उलगडलं. जुन्या गाड्यांत हा हात पितळेच्या बुशमध्ये, म्हणजे आखूड नळीत, फिरतो. ग्रीस घातलं की झालं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट कसा की जमिनीवर कसा, काही फरक पडत नाही. या जपानी गाडीत पितळेऐवजी रबर असतं, पोलादाला घट्ट चिकटवलेलं. ते फिरत नाही, पिळतं. चाकं लोंबत असताना बोल्ट कसले, तर रबर त्या लोंबण्यालाच आपली खरी जागा समजून बसतं आणि मग गाडी जमिनीवर ठेवली की खालून रेटा देत राहतं. म्हणून आधी नुसते अडकवायचे, गाडी जमिनीवर ठेवायची, माणसं आत बसवायची आणि मग कसायचे. कंपनीत हे रोजचं काम असेल. इथं कुणाला सुचलं नाही, मला तर नाहीच, मी तर भाग बदलायला निघालो होतो.

"पण कसायची एवढी घाई कशाला केलीत?" मी विचारलं.

उत्तर वरून बाबांनी दिलं. "मी शिकवलं. बोल्ट ढिला ठेवून उठाचं नाही. कसाचा, पिवळी रेघ माराची, मंग उठाचं. छावनीत असंच होतं." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हनजे हे माझ्यानं झालं."

"तुमच्यानं नाही बाबा," प्रज्ञाताई खड्ड्यातून म्हणाल्या. "तुमचा नियम पितळेचा होता. हे रबर आहे."

सगळे बोल्ट सैल केले. प्रत्येक बोल्टला गाडी थोडी थोडी खाली येत गेली, नाक जमिनीशी झुकलं आणि ती विलायती दिसायला लागली. आता आत माणसं बसवायची. कसायचं काम मी मागून घेतलं, तेवढी तरी भरपाई. मी खड्ड्यात राहिलो. प्रज्ञाताई वर जाऊन स्टिअरिंगवर बसल्या, कारण चालवणार त्याच. राहिली डावी सीट.

अनिलभाऊ म्हणाले, दुकानातून कापडाचे दोन गठ्ठे आणतो, बाबांच्या वजनाचे.

"गठ्ठ्यानं नाही होत," प्रज्ञाताईंचा आवाज आला. "बाबा, ज्याच्यासाठी गाडी आहे त्याचंच वजन पाहिजे मले."

"कोनीबी बसा."

"कोनीबी बसलं तर कोनाच्याबी मापाची होईन ते."

मला खालून फक्त बाबांचे पाय दिसत होते.

"कामासाठी आहे ना?" बाबांनी विचारलं.

"कामासाठीच आहे."

त्यांनी चपला काढल्या. एकीशेजारी एक, नीट ठेवल्या. दाराचा आवाज झाला. मग सीटवर फडकं फिरल्याचा आवाज, सवयीनं. आणि मग गाडी डाव्या बाजूनं हळूच खाली आली. धक्का नाही, काही नाही. माझ्या डोक्यावर ते जपानी हात जरासे वर झुकले आणि स्थिर झाले. या गाडीखाली उभं राहून मी रडलो. अगदी सरळ रडलो, कुणी बघत नव्हतं.

मग मोजून जोर लावणारा टॉर्क पाना लावून एक एक बोल्ट कसला. घाई केली नाही. वरून हुकूम आला, "कोल्हापूरवाले, पिवळी रेघ मारा." रेघा मारल्या.

ले-आउट

खड्ड्यातून वर आलो तर बाबा तसेच बसलेले. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर.

"झालं बाबा. उतरा आता," प्रज्ञाताई म्हणाल्या. मला वाटतं त्यांनाही पुढचं विचारायचा धीर होत नव्हता.

"उतरून काय करू?" बाबा म्हणाले. "चाल."

मी आणि अनिलभाऊ धावत ले-आउटच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिलो. दुपारचं सौम्य ऊन होतं, थंडीचे दिवस. हिरवी गाडी आत शिरली, पहिल्या वळणाला अंग न टाकता वळली, खडीवरून गेली तेव्हा नुसती श्वास घेतल्यासारखी हलली. माझ्या नियमाचं काय झालं ते विचारू नका. ज्या कुणी त्या जपानी कारखान्यात हे भाग बनवले, त्यांना हात जोडावेसे वाटले. आणि त्याहून जास्त या बाईला, जिनं आपल्या कामातली जोखीम बाबांच्या वाट्याला येऊ दिली नाही.

लांबून बाबांचा आवाज येत होता. "तिसरा गिअर टाक. आता टाक. हां." डोळे मिटलेले होते की उघडे, एवढ्या लांबून कळलं नाही. पांढरे केस मात्र वाऱ्यावर उडताना दिसत होते.

फेरी पुरी करून गाडी आमच्यापाशी येऊन थांबली. इंजिन बंद झालं. बाबांनी दाराला हात लावला नाही. आम्हीही हललो नाही. प्रज्ञाताई लगबगीनं उतरल्या, नाकाला वळसा घालून डाव्या बाजूला आल्या, दार उघडलं आणि बाजूला ताठ उभ्या राहिल्या.

बाबांनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

"एवढा वेळ मी साहेबाले कधी बसवून ठेवलं नाही," ते म्हणाले. मग पाय बाहेर टाकला नाहीच. सीटवर मागं रेलले, पहिल्यांदाच. "लाव दार. अजून एक चक्कर मार."

प्रज्ञाताईंनी दार लावलं.